पैशाची ओढाताण आणि बुद्धाची शिकवण: नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची

पैशाची तंगी आली की माणसं बुद्धाकडे वळतात, पण बऱ्याचदा भलतीच अपेक्षा घेऊन. कुणाला वाटतं एखादा मंत्र मिळेल, रोज १०८ वेळा म्हटला की पैसा यायला लागेल. कुणाला वाटतं बुद्धाने सगळं सोडायलाच सांगितलंय ना, मग बरंच झालं, गेलं ते गेलं, आपण आता विरक्त. मी दुसऱ्या गटातला. नोकरी गेलेली, दोन लोन चालू, क्रेडिट कार्डचं बिल थकलेलं, आणि मी आपला मांडी घालून अनित्य अनित्य (म्हणजे काहीच कायम टिकत नाही) करत बसायचो. मोबाइल टेबलावर पालथा ठेवलेला असायचा. वसुलीवाल्यांचा फोन आला की तो थरथरायचा आणि शेजारचं पेन टेबलावर हळूहळू सरकायचं, तो आवाज डोळे मिटूनही बरोबर ऐकू यायचा, आणि मी याला ध्यान म्हणत होतो.

नंतर जरा नीट वाचायला लागलो तेव्हा कळलं की संसारी माणसाशी बोलताना बुद्ध पैशाबद्दल एकदम सरळ बोलतात. दीघजाणू नावाचा एक कोलिय कुळातला माणूस त्यांच्याकडे येतो आणि स्वच्छ सांगतो की बाबा, आम्ही पोराबाळांच्या गर्दीत झोपणारी माणसं, चंदन लावतो, माळा घालतो, सोनंचांदी वापरतो, आम्हाला झेपेल असं काहीतरी सांगा. त्यावर बुद्ध त्याला "घर सोड" म्हणत नाहीत. चार गोष्टी सांगतात: कष्ट आणि कामातलं कसब, मिळवलेलं राखणं, चांगल्या माणसांची संगत आणि आवक बघून जगणं. पालीत याला उट्ठानसंपदा, आरक्खसंपदा, कल्याणमित्तता आणि समजीविता म्हणतात, शब्द पाठ नाही झाले तरी चालतील.

खालच्या पायऱ्यांचा क्रम माझा आहे, ग्रंथात अशी यादी नाही. पण क्रमाला महत्त्व आहे असं माझं ठाम मत झालंय, कारण मी तो उलटा करून बघितलाय.

पायरी १: आधी पोट

धम्मपद म्हणजे बुद्धवचनांच्या गाथांचा संग्रह, त्याच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, आळवीची एक गोष्ट आहे. बुद्ध लांबून चालत आळवी गावाला येतात, जेवण होतं, सगळे प्रवचनाला बसतात, आणि बुद्ध काही बोलतच नाहीत. ते एका गरीब शेतकऱ्याची वाट बघत असतात. त्याचा बैल सकाळीच हरवलेला, तो बिचारा उपाशीपोटी बैल शोधत हिंडतोय, शेवटी बैल सापडतो, त्याला कळपात सोडून तो धावतपळत येतो. बुद्ध विचारतात, जेवण उरलंय का? उरलं असेल तर याला आधी वाढा. तो पोटभर जेवतो, जरा शांत होतो, मगच उपदेश सुरू होतो. बरोबरचे भिक्खू कुरकुरतात, की हे काय, एका माणसाच्या जेवणाची एवढी चौकशी? त्यावर बुद्धांचं उत्तर म्हणजे धम्मपदातली ती गाथा, "जिघच्छा परमा रोगा", भूक हा सगळ्यात मोठा रोग.

मला ही गोष्ट भयंकर आवडते, कारण उपाशी माणसाला संतोषाचं लेक्चर देऊ नये हे यात आपोआपच येतं.

म्हणजे आपण काय करायचं? हातात जे काही आहे त्यातून आधी खाणं, औषधं, डोक्यावरचं छप्पर, लाइट-पाणी आणि कामावर जायचा खर्च बाजूला काढायचा. वसुलीवाला कितीही ओरडू दे, घरातलं दूध बंद करून कार्डाचं बिल भरायचं नाही. आणि तेवढ्यालाही कमी पडत असेल तर मागायचं. मदत मागायची लाज वाटते, मलाही वाटली, पण भिक्खुसंघाचं रोजचं जेवण दुसऱ्यांच्या हातून वाडग्यात पडायचं आणि त्यात कमीपणा आहे असं तिथे कुणी मानत नव्हतं. भावाला, मैत्रिणीला, ऑफिसातल्या एखाद्याला स्पष्ट सांगा, "या महिन्यात किराण्याला कमी पडतायत." "सध्या जरा टाइट चाललंय" असं मोघम बोलून काही उपयोग नाही, समोरच्याला काय करायचं तेच कळत नाही.

पायरी २: वही काढा

हीच पायरी लोक टाळतात. मी चार महिने टाळली. किती देणं आहे विचारलं की "असेल काहीतरी" हे ठरलेलं उत्तर, कारण आकडा बघायची भीती.

विपश्यनेत किंवा कुठल्याही सतिपट्ठानाच्या, म्हणजे सजगतेच्या, अभ्यासात एक साधी गोष्ट सांगतात, जे आहे ते आहे तसं बघायचं. श्वास लांब असेल तर लांब आहे, आखूड असेल तर आखूड आहे. तो लांब करायला कुणी सांगत नाही. आता हेच बँकेच्या स्टेटमेंटला लावा. दीघजाणूला बुद्ध तराजूचं उदाहरण देतात, तराजू धरणाऱ्याला जसं कळतं की एवढ्याने पारडं खाली गेलं किंवा एवढ्याने वर आलं, तसं आपल्या आवक-जावकेचं भान हवं. बजेट म्हणजे दुसरं काय असतं?

कसं करायचं ते सांगतो. साधी वही घ्या, अ‍ॅप नको, अ‍ॅपमध्ये स्क्रोल करून पळून जाता येतं. पाच मिनिटं नुसतं बसून श्वास बघा, मग एका पानावर येणारा सगळा पैसा लिहा, दुसऱ्या पानावर जाणारा, तिसऱ्यावर देणी: कुणाचं, किती, व्याज किती टक्के, हप्त्याची तारीख काय. लिहिताना छातीत धडधडलं की पेन खाली ठेवायचं आणि मनात म्हणायचं "भीती आहे". एवढंच. दहा श्वास झाले की परत पेन उचलायचं. माझा पहिला दिवस दोन तास चालला, तळहात इतके ओले झाले होते की कागद चिकटत होता, शेवटी बेरीज केली तर आकडा माझ्या डोक्यातल्या आकड्यापेक्षा थोडा कमीच निघाला. तुमचा जास्त निघेल कदाचित, ते काही माझ्या हातात नाही, पण निदान त्याला काहीतरी माप आलं. डोक्यातल्या भुताला माप नसतं ना.

पायरी ३: दुसरा बाण ओळखा

संयुत्त निकाय हा बुद्धांच्या उपदेशांचा, म्हणजे सुत्तांचा, एक संग्रह, त्यात सल्ल सुत्त आहे. सल्ल म्हणजे बाण. एखाद्याला एक बाण लागला, दुखतंय, आणि लगेच त्यालाच दुसरा बाण मारला, तर त्याला दोन्हींचं दुखणं भोगावं लागतं. बुद्ध म्हणतात, न शिकलेला माणूस दुःख झालं की असाच दोन बाणांचं दुःख सोसतो, एक शरीराचं आणि एक मनाचं. शिकलेल्याला एकच लागतो.

हप्ता थकला हा पहिला बाण. तो खरा आहे, त्याला माया वगैरे म्हणू नका, बँकेच्या सिस्टिमला माया समजत नाही. पण त्यानंतर रात्री दीड वाजता जे सुरू होतं, की माझ्या वयाच्या सगळ्यांची घरं झाली, मी बापाच्या नावाला बट्टा लावला, पोरांना काय तोंड दाखवू, बायको काय विचार करत असेल, माझ्यातच खोट आहे, हा सगळा दुसरा बाण. आणि तो आपणच मारतो, तो पण एकदा नाही, रात्रभर.

यावर माझा एक साधा प्रयोग आहे. वहीच्या मागच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे घडलेलं लिहायचं, उजवीकडे डोक्यात चाललेलं. डावीकडे "५ तारखेचा हप्ता बाउन्स झाला." उजवीकडे "आता सगळं संपलं." डाव्या बाजूला करण्यासारखं काहीतरी असतंच, फोन करायचा, ईमेल पाठवायचा, तारीख बदलून मागायची. उजव्या बाजूला करण्यासारखं काही नसतं, ती नुसती बघायची असते, आली, थांबली, गेली. पहिल्या आठवड्यात माझी उजवी बाजू भरून वाहत होती आणि डावीकडे जेमतेम तीन ओळी.

इथे एक विषय मध्येच आणतो कारण तो बऱ्याच जणांना आतून खातो. नातेवाईकांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "मागच्या जन्माचं कर्म, भोगायलाच लागणार." हे बुद्धाच्या नावावर खपवू नका. सीवक नावाच्या परिव्राजकाने, म्हणजे फिरत्या संन्याशाने, त्यांना हेच विचारलं होतं, की माणसाला जे काही सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं म्हणणारे लोक आहेत, तुमचं काय म्हणणं? बुद्धांनी पित्त, कफ, वात, ऋतूबदल अशी आठ कारणं सांगितली, त्यात कर्म हे एक. सगळं पूर्वकर्मामुळे म्हणणारे चुकतात असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आणि गरिबीबद्दल तर दीघ निकायातलं कूटदंत सुत्त वाचाच. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढलेत, तर तिथला शहाणा पुरोहित राजाला सांगतो की दंड वाढवून हे थांबणार नाही, शेती करणाऱ्याला बियाणं दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, नोकरी करणाऱ्याला पगार दे. म्हणजे तंगीचं खापर एकट्या माणसाच्या डोक्यावर फोडायचं नाही, ही समज त्यांच्याकडे होती. कंपनी बुडाली, आजारपण आलं, धंद्यात मंदी आली, यात तुमचा वाटा असेल तेवढा घ्या, बाकीचा उगाच नका घेऊ.

लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-स्तुती, सुख-दुःख, हे आठ लोकधम्म, जगाबरोबर फिरत राहणारे, कुणालाच चुकत नाहीत. अनाथपिंडिकाचंच बघा. जेतवन विकत घेण्यासाठी जमिनीवर नाणी अंथरणारा श्रावस्तीचा सावकार, त्याच्यावरही वाईट दिवस आले होते. जातकाच्या, म्हणजे बुद्धांच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींच्या, अट्ठकथेत सांगितलंय की व्यापाऱ्यांनी त्याच्याकडून १८ कोटी उसने नेले ते परत आलेच नाहीत आणि नदीकाठी पुरून ठेवलेले आणखी १८ कोटी अचिरवतीच्या पुरात वाहून गेले. एवढ्या मोठ्या माणसाचंही उसनं बुडलं, म्हटलं चला, आपण एकटे नाही.

पायरी ४: कर्जाला तोंड द्या

कर्जाबद्दल बुद्ध किती बारकाईने बोललेत हे मला माहीतच नव्हतं. अंगुत्तर निकायातल्या इण सुत्तात अख्खी साखळी आहे: गरिबी हे दुःख, मग माणूस कर्ज काढतो ते दुःख, मग व्याज, मग तगादा, मग मागावर माणसं, मग बंधन. अडीच हजार वर्षांत फक्त तगाद्याचं माध्यम बदललं. दुसरीकडे एका ब्राह्मणाची गोष्ट येते, त्याचे चौदा बैल हरवलेत, घरात सात विधवा मुली, रिकाम्या कोठारात उंदीर नाचतायत, आणि पहाटेच सावकार दारात येऊन "द्या, द्या" म्हणून ओरडतायत. पहाटेच बरं का. माझ्याकडे पावणेआठला पहिला फोन यायचा.

आता महत्त्वाचं. विनयाप्रमाणे, म्हणजे संघाच्या नियमांप्रमाणे, उपसंपदा (भिक्खू होण्याची पूर्ण दीक्षा) घेताना उमेदवाराला जे प्रश्न विचारतात त्यात एक आहे, "अनणोसि?" म्हणजे तुझ्यावर कर्ज नाही ना? कर्जदाराला संघात घेत नाहीत. हे वाचलं आणि माझी विरक्ती जागच्या जागी उतरली. ज्यांनी घर सोडायची वाट दाखवली त्यांनीच कर्ज टाळायला ती वाट वापरू दिली नाही.

तर मग करायचं काय:

फोन उचला, पण आधी तीन श्वास. खरंच मोजून तीन. मग आपणच आधी बोलायचं, "माझ्याकडे पूर्ण रक्कम नाही, दर महिन्याला एवढी देऊ शकतो, हे लेखी पाठवा." आवाज चढवायचा नाही, खोटंही बोलायचं नाही. "उद्या नक्की टाकतो" हे खोटं आहे हे तुम्हाला माहीत असतं आणि त्यालाही माहीत असतं, शिवाय पंचशीलातलं चौथं शील आहेच. समोरचा शिव्या किंवा धमक्या द्यायला लागला तर "नीट बोलणार असाल तर बोलतो" म्हणून फोन ठेवायचा, तारीख-वेळ लिहून ठेवायची आणि लेखी तक्रार करायची. सहनशीलता म्हणजे अपमान गिळणं असं कुणी सांगितलेलं नाही.

ज्याचं व्याज सगळ्यात जास्त ते आधी फेडायचं, बाकीच्यांना कमीत कमी हप्ता. जुनं फेडायला नवीन लोन काढायचा मोह होतो तेव्हा इण सुत्ताची साखळी डोळ्यासमोर आणायची, मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणारं लोन तर अजिबात नको. नवीन लोन खरंच कमी व्याजाचं असेल आणि जुनं त्यातून पूर्ण बंद होणार असेल तर ती वेगळी गोष्ट, पण ते वहीत आकडे मांडून ठरवा, रात्री दीड वाजता नाही. आणि सरसकट सगळं कर्ज पाप असंही नाही बरं का, सामञ्ञफल सुत्तात बुद्धच एका माणसाचं उदाहरण देतात, तो कर्ज काढून धंदा करतो, धंदा चालतो, कर्ज फिटतं आणि बायकोला सांभाळण्यापुरतं उरतंही, मग तो त्या आनंदात राहतो. हे उदाहरण कशासाठी दिलंय माहितीये? मनातली आसक्ती सुटल्यावर कसं वाटतं ते समजावण्यासाठी.

पायरी ५: गळती शोधा

सिगालोवाद सुत्तात पैसा वाहून जायच्या सहा वाटा दिल्यात: दारू, अवेळी भटकणं, सतत तमाशे-जत्रा, जुगार, वाईट संगत आणि आळस. जुगाराच्या जागी ऑनलाइन गेमवर लावलेला पैसा आणि झटपट श्रीमंत करणाऱ्या ट्रेडिंगच्या टिप्स घाला, अवेळी भटकण्याच्या जागी रात्रीचं शॉपिंग अ‍ॅप घाला, यादी आजची होते. आळसाची कारणं तर वाचून हसायलाच येतं, फार थंडी आहे म्हणून काम करत नाही, फार गरम होतंय म्हणून नाही, फार उशीर झाला, फार लवकर आहे, भूक लागलीय, जेवण जास्त झालंय. कुणीतरी आपल्याच घरात बसून लिहिल्यासारखं.

माझी गळती दारू-जुगाराची नव्हती, फुटकळ होती. वहीत बघितलं तर सात महिने न उघडलेल्या एका फिटनेस अ‍ॅपचे पैसे दर महिन्याला कटत होते, आणि दोन ओटीटी, त्यातलं एक कुणी घेतलं होतं हेच घरात कुणाला आठवेना. दीघजाणूशी बोलताना उधळ्या माणसाला बुद्ध उंबर खाणारा म्हणतात. म्हणजे चार उंबरं खायची म्हणून अख्खं झाड हलवायचं, ढीगभर फळं खाली पडणार, बाकीची वाया. पण लगेच पुढे ते चिकटूलाही सोडत नाहीत, असून न खाणारा अनाथासारखा उपाशी मरेल म्हणतात. तेव्हा काटकसरीच्या नावाखाली घरच्यांचं जगणं हराम करू नका. पोरांच्या एका आवडीला हात लावायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं आणि ते बरोबरच होतं.

सिगालोवाद सुत्तातच पैशाचे चार वाटे सांगितलेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी राखून. तंगीत असताना चौथा वाटा हा शब्द ऐकून हसू येईल, मलाही आलं. शंभरातला एक बाजूला टाका, तेही पुरे. रक्कम किती हा मुद्दाच नाही, सवय मोडू द्यायची नाही एवढंच.

पायरी ६: कमाई

यावर जास्त लिहीत नाही कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. अडचणीत माणूस काहीही काम घ्यायला तयार होतो म्हणून एकच लक्षात ठेवा: शस्त्रं, माणसं किंवा प्राणी, मांस, नशेच्या वस्तू आणि विष, या पाचांचा व्यापार उपासकाने, म्हणजे बुद्धाच्या संसारी अनुयायाने, करू नये असं बुद्धवचन आहे. त्यात मी माझ्यापुरतं आणखी एक घातलंय, साखळीने मेंबर जोडायच्या स्कीम. ओळखीच्यांना गळाला लावून फेडलेलं कर्ज रात्री झोपू देत नाही. बाकी हलकं म्हणून कुठल्या कामाला नाही म्हणू नका.

आणि हो, तो मंत्राचा विषय राहिला. बुद्धांनी अनाथपिंडिकाला सांगितलं होतं की आयुष्य, रूप, सुख, कीर्ती आणि स्वर्ग या गोष्टी सगळ्यांना हव्या असतात पण नुसती प्रार्थना करून किंवा इच्छा धरून मिळत नाहीत, तशा मिळत असत्या तर जगात कुणाला कशाची कमी पडली असती? तेव्हा धनप्राप्तीचं यंत्र, स्पेशल पूजा, "श्रीमंतीचं ध्यान" शिकवणारा महागडा ऑनलाइन कोर्स, सगळ्याला लांबूनच नमस्कार. त्या पैशात वीजबिल भरून होतं.

पायरी ७: संगत आणि देणं

तंगी आली की माणूस लपतो. लग्नाला जात नाही, ग्रुपवर बोलत नाही, ओळखीचा दिसला की रस्ता बदलतो. सोंगं सगळी आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात ना, ते आणायच्या नादात तर आणखी खर्च होतो. एक माणूस असा शोधा ज्याला वही दाखवता येईल. सल्ला देणारा नको, नुसता बघणारा. आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं. माझा एक जुना सहकारी होता, तो वही बघायचा, "बरं" म्हणायचा आणि परत द्यायचा, त्या "बरं"चा मला केवढा आधार होता सांगता येत नाही.

आणि दान. हातात काही नसताना दान कसलं करायचं? अनाथपिंडिक गरिबीत होता तेव्हा त्याच्याकडे द्यायला फक्त कण्या आणि आंबट पेज उरली होती, बुद्धांनी विचारलं तेव्हा त्याने खजील होऊन तसं सांगितलं. उत्तर आलं की साधं असो की उंची, आदराने, स्वतःच्या हाताने दिलंय का ते बघ. पैसे नसतील तर वेळ द्या, कुणाचा फॉर्म भरून द्या, कुणाच्या आईला दवाखान्यात सोडा. यामागे माझं कारण जरा स्वार्थी आहे, महिनोन्‌महिने फक्त मागणाऱ्याच्या भूमिकेत राहिलं की माणूस आतून आक्रसतो, काहीतरी दिलं की पाठ जरा सरळ होते.

किती दिवस लागतील? मला तीन वर्षं लागली, त्यातलं दीड वर्ष तर वहीतला आकडा हललाच नाही असं वाटायचं. अनाथपिंडिकाला बुद्धांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली होती: पैसा असल्याचं सुख, तो वापरण्याचं सुख, कर्ज नसल्याचं सुख आणि निर्दोष वागण्याचं सुख. पहिली तिन्ही मिळून शेवटच्याच्या सोळाव्या हिश्शालाही येत नाहीत असंही म्हटलंय. असेल. पण तिसऱ्याबद्दल मी अनुभवाने सांगू शकतो. शेवटचा हप्ता गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला फोन वाजला, मी नंबर न बघता उचलला, तीन श्वासही घेतले नाहीत. पलीकडे एक मुलगी क्रेडिट कार्ड विकत होती. तिला नको म्हटलं, मग तिचा सकाळचा पहिलाच फोन असेल म्हणून जरा वेळ तिचं ऐकून घेतलं, आणि परत नको म्हटलं.